पिल्लू सापडलं, फोनही केला. मग ते न्यायला का आले नाहीत?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पुण्यात तुमच्या सोसायटीत रंगकाम चालू आहे. परांची बांधताना डक्टमधून पांढऱ्या लवीचं, "माकडासारख्या तोंडाचं" एक पिल्लू खाली पडलं. वॉचमननं ते उचलून तुमच्याकडे आणून दिलं. तुम्ही वन्यप्राणी वाचवणाऱ्या तीन संस्थांकडे फोन केलेत. एकीकडे कुणी उचलला नाही, दुसरीकडे "वनखात्याला कळवा" म्हणाले, तिसरीकडच्या मुलीनं पंधरा मिनिटं प्रश्न विचारले आणि शेवटी "जिथून पडलं तिथेच परत ठेवता येतंय का बघा" म्हणाली. तुम्ही वैतागलात. कालपासून ड्रॉपरनं दूध आणि थोडा दूधभात देताय, आता ते मलूल झालंय, आणि तुम्ही विचारताय की या संस्था नक्की कशासाठी आहेत.

वर्णनावरून ते घुबडाचं पिल्लू आहे. बाकीचं नंतर वाचा, आधी एवढं करा. दूध, भात, ड्रॉपर, सगळं बंद. पाणीही नको. पुठ्ठ्याचं खोकं घ्या, तळाला जुना सुती टी-शर्ट अंथरा (टॉवेल नको, त्याच्या फाशांत नखं अडकतात), बाजूंना पेनानं दहाबारा भोकं पाडा. बाटलीत कोमट पाणी भरा, ती मोज्यात घाला आणि खोक्याच्या एकाच कोपऱ्यात ठेवा, म्हणजे ऊब नको झाली तर पिल्लाला सरकायला जागा राहील. झाकण लावा, खोकं शांत खोलीत ठेवा आणि त्या तिसऱ्या ठिकाणी पुन्हा फोन लावा. पहिलं वाक्य हे बोला: "काल घुबडाच्या पिल्लासाठी फोन केला होता, तेव्हापासून दूध पाजलंय आणि आता ते मान टाकतंय." त्या मुलीनं काल दिलेलं उत्तर कालच्या पिल्लासाठी बरोबर होतं. आज ते पिल्लू पेशंट आहे, त्यामुळे आज उत्तर वेगळं मिळेल.

आता जरा सविस्तर. मी चौदा वर्षं वन्यप्राण्यांच्या उपचार केंद्रात काम करते. त्यातली पहिली तीन-चार वर्षं मुख्यतः फोनवर गेली, म्हणजे तुम्ही ज्या मुलीवर चिडलात, तिच्या खुर्चीत मी बसलेली आहे. त्यामुळे माझं उत्तर थोडं तिच्या बाजूनं झुकलेलं असेल, तेवढं धरून चाला.

तुम्ही विचारलंय "न्यायला का येत नाहीत". खरी अडचण त्याच्या एक पायरी आधी आहे. माणसासाठी १०८ लावला की गाडी येते, आणि यावीच. जखमी घारीच्या बाबतीतही साधारण तेच. पण पिल्लाच्या बाबतीत फोनवर पहिला निर्णय घ्यायचा असतो तो याचा, की त्याला जागेवरून हलवायचं की नाही. लोक ज्याला अनाथ म्हणून आणतात, त्यातली कितीतरी पिल्लं अनाथ नसतात. आई दहा फुटांवर फांदीत बसलेली असते आणि माणसं हलायची वाट बघत असते. आमच्याकडे अशा पिल्लांना आपसात "पळवलेली" म्हणतात. उन्हाळ्यात अशी पळवलेली पिल्लं रोज खोक्याखोक्यानं येतात: बुलबुलाची, खारीची, दयाळाची. आणणाऱ्यांच्या डोळ्यात पाणी असतं, हेतूत काहीच खोट नसते. पण आम्ही कितीही चांगला चिमटा धरला तरी बुलबुलाच्या आईसारखं दर दहा-पंधरा मिनिटांनी उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत भरवणं आम्हाला जमत नाही. कोणता किडा खायचा आणि मांजर दिसल्यावर कसं ओरडायचं, हे तर आम्ही शिकवूच शकत नाही.

तुमचं पिल्लू वर्णनावरून गव्हाणी घुबडाचं आहे. मधूनमधून व्हॉट्सअ‍ॅपवर ज्यांचे व्हिडिओ परग्रहावरचे प्राणी म्हणून फिरतात, तीच ही पिल्लं. हे घुबड माणसाच्या शेजारानं राहतं: जुने वाडे, देवळांचे कळस, गिरण्यांची छपरं, आणि आता टॉवरचे डक्ट. मादी सगळी अंडी एकदम घालत नाही, दोन-तीन दिवसांच्या अंतरानं घालते, आणि पहिल्या अंड्यापासूनच उबवायला बसते. म्हणून एकाच घरट्यात एक पिल्लू पिसं फुटलेलं आणि दुसरं नुसतं लवीचा गोळा, असं दिसतं. तुमचं एक खाली पडलं याचा अर्थ वर आणखी तीन-चार असण्याची दाट शक्यता आहे. आणि ती जिवंत असतील तर आईबाप रोज रात्री उंदीर आणतायत. दिवसभर डक्टमध्ये कुणी फिरकलं नाही म्हणून तुम्ही "आईनं टाकलं" असं धरलंत, पण ते पक्षी दिवसा येतच नाहीत. "परत ठेवता येतंय का" हा प्रश्न यासाठी होता. माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लाला टाकतात, ही आपल्याकडे पक्की बसलेली समजूत आहे. तसं काही होत नाही. पक्ष्यांच्या आया वास घेऊन पिल्लं ओळखत नाहीत.

दूधभाताबद्दल रागावत नाही, आपल्याकडे आजारी माणसालाही आपण तेच देतो. पण घुबड अख्खा उंदीर गिळतं, त्याची हाडं-केस गोळा करून ओकून टाकतं. त्या पोटाला दूध ठाऊकच नाही. पक्षी दूध पचवू शकत नाहीत. आणि ड्रॉपर त्याहून वाईट. एखाद्या पक्ष्याची चोच उघडलीत तर जिभेच्या बुडाशी एक छोटी फट उघडमीट करताना दिसेल. ती श्वासनलिका. आपल्यासारखी ती घशात खोल लपलेली नसते, समोरच असते. चोचीत टाकलेला थेंब सरळ तिथे जातो. पिल्लू गिळतंय असं आपल्याला वाटतं आणि ते बुडत असतं. बऱ्याच पिल्लांना पडण्याची जखम नसतेच, छातीत पाणी झालेलं असतं. आमच्याकडे आलेल्या पिल्लालाही आम्ही लगेच खायला देत नाही. आधी ऊब, मग सलाइन, मग अन्न, हा क्रम आहे. थंड पडलेल्या शरीरात अन्न पचत नाही, कुजतं.

पण फोनवरच्या माणसानं "जागेवर ठेवा" म्हटलं की कानाला ते "आम्ही येत नाही" असंच ऐकू येतं, हे मला माहीत आहे. त्यामागे काय असतं ते दाखवायला एक प्रसंग सांगते.

नाशिक जिल्ह्यातलं एक गाव, जानेवारी महिना, ऊसतोड चालू. फडातल्या शेवटच्या दहाबारा सऱ्या राहिल्या होत्या. सकाळी साडेसातला पाचटात बिबट्याची तीन पिल्लं दिसली. मुकादमानं शहाणपणा केला. कोयते थांबवले, माणसं बांधावर आणली आणि वनरक्षकाला फोन केला. तोवर टोळीतल्या एका पोरानं एक पिल्लू उचलून बायकोला दाखवायला गोणपाटात घातलं होतं, ते परत ठेवून घेतलं. आम्ही वनखात्याच्या गाडीतून पोचलो तेव्हा शेतमालक हात जोडून म्हणाला, "मॅडम, ही घेऊन जा, नाहीतर माझ्या उसाला कुणी हात लावणार नाही." त्याचं चुकत नव्हतं. पण पिल्लं नेली असती तर त्या रात्री मादी फडभर, वस्तीभर हुडकत फिरली असती, आणि पिल्लं हरवलेल्या मादीच्या वाटेत कुणी यावं असं आम्हाला वाटत नव्हतं. डॉक्टरांनी पिल्लं तपासली, गोचिड्या काढल्या, वजनं घेतली. डोळे उघडलेले होते पण अजून निळसर, धुकट. संध्याकाळी टोमॅटोच्या कॅरेटमध्ये पाचट घालून त्यात तिघं ठेवली, कॅरेट सापडल्या जागेवरच, समोर दोन कॅमेरे. गाड्या लांब नेल्या, बॅटऱ्या बंद. साडेआठनंतर मादी आली. कॅरेटभोवती दोनदा फिरली, पंजानं ते कलंडवलं, आणि एकाला मानेला धरून उसात गेली. पाऊण तासानं दुसरं नेलं. तिसऱ्यासाठी मध्यरात्र झाली. त्या दोन-अडीच तासांत ते एकटं पिल्लू कॅरेटच्या कडेवर चढायचा प्रयत्न करत होतं आणि आम्ही पडद्यावर बघत गप्प बसलो होतो. तिसऱ्या दिवशी उरलेला ऊस तोडला गेला.

जुन्नर, आंबेगाव, शिरूर, अकोले, निफाड या ऊसपट्ट्यात अशा भेटी घडवणं आता वनखात्याच्या अंगवळणी पडलंय. पहिल्या रात्री मादी आली नाही तर दुसऱ्या, तिसऱ्या रात्री पुन्हा ठेवतात. कारण हातावर वाढलेला बिबट्या जंगलात सोडता येत नाही. माणसाची भीती गेलेली असते. त्याचं आयुष्य पिंजऱ्यात जातं. जुन्नरजवळच्या माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रात आयुष्यभर ठेवलेले बिबटे आहेत, त्यांची देखभाल चांगली होते. पण त्या पिंजऱ्यांत पिल्लांची भर पडावी असं कुठल्याच केंद्राला वाटत नाही. (जाता जाता: उसात सापडलेली सगळीच ठिपकेवाली पिल्लं बिबट्याची नसतात. वाघाटी नावाचं अगदी छोटं रानमांजर असतं, तिची पिल्लं "बिबट्याचे बछडे" म्हणून पेपरात येतात. म्हणून आम्ही फोटो मागतो.)

आता उलट बाजू. काही वेळा "जागेवर ठेवा" हे उत्तर साफ चुकीचं असतं. रक्त दिसतंय, पंख किंवा पाय लोंबकळतोय, मुंग्या लागल्यात, माशांनी अंडी घातलीत (पांढरे तांदळासारखे बारीक पुंजके दिसतात), अंग गार पडलंय, आई मेलेली डोळ्यांनी बघितली आहे, किंवा कुत्र्या-मांजरानं तोंडात धरलं होतं. यातलं एकही असेल तर वाट बघायची नाही.

मांजराचं मी माझ्या चुकीतून शिकले. कामाला लागून वर्ष झालं होतं. एका बाईंचा फोन आला, बागेत बुलबुलाचं पिल्लू, जखम काही नाही, टुणटुण उड्या मारतंय, शेपूट आखूड. आखूड शेपटीचं, उड्या मारणारं पिल्लू म्हणजे घरट्यातून नुकतं बाहेर पडून उडायला शिकणारं, हे मला नव्यानं पाठ झालेलं. मी ऐटीत सांगितलं, जवळच्या फांदीवर ठेवा आणि आत जा, आई येईल. त्यांनी तसं केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पिल्लू मेलं म्हणून फोन. बोलता बोलता म्हणाल्या, "आमच्या मनीनं आणलं होतं ना उंबऱ्यावर." पंखाखाली दातांची दोन टोकं टेकलेली असणार, टाचणीच्या टोकाएवढी. मांजराच्या तोंडातले जंतू त्या भोकातून आत जातात आणि एवढ्याशा पक्ष्याला प्रतिजैविक वेळेत मिळालं नाही तर एका दिवसात खेळ संपतो, वरून काही दिसत नाही. मी विचारलंच नव्हतं. तेव्हापासून नाव-गाव विचारायच्या आधी माझा पहिला प्रश्न असतो: मांजर किंवा कुत्रं जवळपास होतं का? त्या मुलीनं तुम्हाला पंधरा मिनिटं का पिडलं असेल, याचा अंदाज यावा.

कुठे फोन करायचा, हे राज्यात जागेवर अवलंबून आहे, पण सुरुवात सगळीकडे एकच. महाराष्ट्र वनविभागाची 'हॅलो फॉरेस्ट' हेल्पलाइन आहे, १९२६. ती तुमची तक्रार त्या भागातल्या वनकर्मचाऱ्यांपर्यंत पोचवते. "वनखात्याला कळवा" हे तुम्हाला टोलवाटोलवी वाटलं, पण तिथे कायदा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे वन्यप्राणी सरकारची मालमत्ता समजला जातो, आणि तो तुमच्या ताब्यात आला तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वनाधिकाऱ्याला कळवावं लागतं. आम्हीही वनखात्याच्या परवानगीनं काम करतो. प्रत्येक पक्ष्याची नोंद होते. कुठून आला, कुणी दिला, पुढे काय झालं. चांगल्या मनानं घरात ठेवलेलं पिल्लूही चार दिवसांनी "बाळगलेला वन्यप्राणी" होतं. पोपट पाळणाऱ्यांना हे पटत नाही, पण पिंजऱ्यातला आपला साधा हिरवा पोपटही याच कायद्यात येतो.

पुण्यात बावधनला, नागपुरात सेमिनरी हिल्सवर ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर, म्हणजे वन्यप्राण्यांची तात्पुरती उपचार केंद्रं, आहेत; मुंबईकरांसाठी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाचं बचाव पथक आणि परळचं बैल-घोडा हॉस्पिटल. किनाऱ्यावर पावसाळ्यात जखमी समुद्री कासवं वाहून येतात, त्यांच्यासाठी डहाणूचं केंद्र. (असं कासव दिसलं की लोक समुद्रात ढकलतात. ते दमून, पोहता येईनासं होऊन बाहेर आलेलं असतं. ढकलू नका, सावली करा, अंगावर ओलं फडकं टाका, डोळे-नाक मोकळं ठेवा आणि फोन करा.) शहराबाहेर गेलात की चित्र बदलतं. तालुक्याच्या गावी केंद्र नसतं, असतो तो वनरक्षक आणि पशुवैद्यकीय दवाखाना. तिथल्या डॉक्टरांनी आयुष्यभर गाई-म्हशी बघितलेल्या असतात, पण रक्त थांबवणं, सलाइन, हाड तात्पुरतं बांधणं हे ते उत्तम करतात, आणि केंद्रातल्या डॉक्टरशी त्यांचं फोनवर बोलणं करून दिलं की अर्धं काम होतं. १९६२ हा नंबर मात्र पशुसंवर्धनाचा, गुराढोरांसाठीचा आहे. तिथे घुबडासाठी भांडू नका. झाडावर मांजात अडकलेला पक्षी असेल तर अग्निशमन दल, १०१. शिडी त्यांच्याकडे आहे, आमच्याकडे नाही. आणि "अभयारण्य" या पाटीचा फोन शोधून लावू नका. अभयारण्य म्हणजे वन्यप्राण्यांसाठी राखलेलं जंगल, तिथे दवाखाना असतोच असं नाही. आमचा नंबरही कुणीतरी कुठेतरी अभयारण्याचा म्हणून टाकलाय, त्यामुळे दर मे महिन्यात आम्हाला सफारीच्या जिप्सीचं बुकिंग मागणारे फोन येतात.

फोन उचलला गेला नाही, याबद्दल. संक्रांतीच्या आठवड्यात आमच्याकडे एका टेबलावर घार, दुसऱ्यावर बगळा आणि तिसऱ्या खोक्यात पाळी लावून बसलेली कबुतरं असतात, आणि दोघांच्या हातात रक्तानं माखलेले ग्लोव्हज. फोन वाजत असतो. म्हणून एकदा वाजवून गप्प बसू नका, मेसेज टाका. आणि मेसेज "अर्जंट, प्लीज हेल्प" असा नको. तसे चाळीस पडलेले असतात. हा नमुना घ्या:

"घुबडाचं पिल्लू, एक. काल सकाळी ११ ला अमुक सोसायटी, बी विंगच्या डक्टमधून तिसऱ्या मजल्याच्या उंचीवरून पडलं. रक्त नाही. दोन्ही पंख सारखे दिसतात. उभं राहत नाही. मांजर-कुत्रं नाही. काल दुपारपासून दूध आणि भात दिला, चार वेळा. आता खोक्यात, बंद खोलीत. १९२६ ला कळवलं आहे. फोटो, दहा सेकंदांचा व्हिडिओ आणि लोकेशन सोबत. मी स्वतः आणून देऊ शकतो."

असा मेसेज आला की मी घार हातात असतानाही उत्तर देते. यात मला हवं ते सगळं आहे. "काय खायला दिलं" हे खरं सांगा. लोक लपवतात, रागावतील म्हणून. आम्ही रागावत नाही, पण छाती ऐकायची की पोट, हे त्यावर ठरतं. जागा नेमकी हवी ती नुसती गाडीसाठी नाही; बरा झालेला मोठा पक्षी शक्यतो सापडला त्याच भागात सोडायचा असतो. त्याचा इलाका, पाण्याच्या जागा, जोडीदार तिथे असतात. "हायवेजवळ सापडला" एवढ्यावर आम्ही त्याला कुठल्या हायवेला सोडणार? व्हिडिओ फोटोपेक्षा बरा, कारण श्वास चोच उघडून चाललाय का, मान वाकडी होतेय का, ते फोटोत दिसत नाही. आणि शेवटचं वाक्य, "मी आणून देऊ शकतो", यानं सगळ्यात जास्त जीव वाचतात. गाडी एक असते, शहर केवढं तरी असतं. आणताना खोकं सीटवर नाही, खाली पायाशी ठेवा, गाणी बंद, एसीचा झोत त्यावर नको, आणि दर सिग्नलला झाकण उघडून बघायचं नाही. हरणाच्या पिल्लासारखे प्राणी तर नुसत्या धरण्या-हाताळण्याच्या धसक्यानं मरतात, बाहेरून खरचटलेलंही नसतं.

तुमच्या प्रश्नाखाली दोघातिघांनी इतर प्राण्यांचं विचारलंय, ते थोडक्यात घेते. खारीची पिल्लं झाड छाटताना पडली तर ती उघड्या खोक्यात, कापडावर, त्याच झाडाच्या बुंध्याशी सावलीत ठेवा आणि लांबून कावळ्या-मांजरांवर नजर ठेवा. आई येऊन एकेक तोंडात धरून नेते. मात्र अंधारायच्या आत नेली नाहीत तर घरात घेऊन ऊब द्या आणि फोन करा. हरभऱ्यात सापडलेली सशाची पिल्लं तर उचलूच नका. सशीण दिवसभर त्यांच्याजवळ फिरकत नाही, रात्री थोडा वेळ येऊन पाजून जाते. जवळ बसली तर तिच्या वासानं कोल्हा येईल. मांजात अडकलेला पक्षी असेल तर दोरा ओढू किंवा उकलू नका. अंगापासून वीतभर ठेवून कापा, अंगातला तसाच राहू द्या, पंख अंगालगत मिटवून फडक्यात गुंडाळा. तो मांस कापत हाडापर्यंत गेलेला असतो आणि बाहेर कसा काढायचा हे टेबलावरच कळतं. (नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ मध्ये देशभर बंदी घातली. जानेवारीत आमच्या कचऱ्याच्या डब्यात त्याची भेंडोळी असतात.) माकड, कोल्हा, मुंगूस, वटवाघूळ यांना हात लावूच नका. चावलं किंवा ओरखडलं तर साबण-पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी दवाखान्यात जा. प्राण्याचं काय करायचं ते नंतर. साप असेल तर फोन करा आणि कुणी येईपर्यंत फक्त एकच गोष्ट करा: लांबून त्याच्यावर लक्ष ठेवा.

आणखी एक, घुबड आहे म्हणून मुद्दाम सांगते. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाका, पण डक्ट कुठला ते लिहू नका. घुबडांचा जादूटोण्यासाठी चोरटा व्यापार चालतो, दिवाळीच्या सुमाराला तो वाढतो. आणि अपशकुन म्हणून घरटं पाडायला निघणारे काका प्रत्येक सोसायटीत एक तरी असतात. त्यांना सांगा की ही जोडी पिल्लं वाढवताना एका रात्रीत कितीतरी उंदीर नेते, आणि तुमच्या पार्किंगमधल्या वायरी कोण कुरतडतंय ते त्यांनाही माहीत आहे.

पुढे काय होईल? पिल्लू तुम्ही पोचवाल किंवा ते नेतील. तिथे तुम्हाला आत सोडणार नाहीत, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. माणसांची सवय लागू नये म्हणून आमच्यातलेही मोजकेच जण पिंजऱ्याकडे जातात, आणि तेही बोलत नाहीत. केस नंबर मागून घ्या आणि चार दिवसांनी विचारा. दूध छातीत गेलं असेल तर ते वाचेलच असं मी सांगणार नाही. फोनवर "गेलं" ऐकायचीही तयारी ठेवा. वाचलं आणि वरचं घरटं शाबूत असेल, तर आठवड्याभरात ते परत तुमच्याच डक्टमध्ये ठेवायला आमच्यासारखं कुणीतरी दोरखंड घेऊन तुमच्या गच्चीवर येईल, आणि तेव्हा तुम्हाला गच्चीची चावी लागेल.

त्यासाठी आज संध्याकाळी दोन कामं. रंगाच्या कॉन्ट्रॅक्टरला गाठून तो एक डक्ट महिना-दीड महिना सोडायला लावा. पिल्लं अंड्यातून आल्यापासून दोनेक महिन्यांत उडून जातात, मग तिथे काय हवं ते रंगवा. परांची खोलायच्या पैशांवरून तो कुरकुर करेल, तेव्हा वनखात्याला कळवलेलं आहे एवढं त्याच्या कानावर घाला. आणि रात्री नऊनंतर त्या डक्टच्या बाथरूमच्या खिडकीशी दिवा न लावता दहा मिनिटं उभे राहा. कुणीतरी झोपेत जोरात श्वास ओढतंय असा खरखरीत "श्श्श" ऐकू आला, तर ती भुकेली भावंडं आहेत. किती वाजता आवाज आला आणि मोठ्या पक्ष्याची सावली दिसली का, हे लिहून ठेवा. उद्या फोनवर तुम्हाला पहिल्यांदा तेच विचारतील.